आठ महिने घरच्या मॉल्टो-फ्रुक्टोजवर: माझ्या पोटाचा अनुभव

मागच्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या २८व्या किलोमीटरला मी फिरत्या शौचालयाच्या रांगेत उभा होतो आणि माझ्यापुढे सहा जण होते. तोवर पोटात चार एनर्जी जेल (धावताना तोंडात पिळायचा पाकिटातला घट्ट साखरेचा पाक) गेली होती, तीही पाण्याबरोबर नाही, तर वाटेतल्या टेबलावरच्या गोड एनर्जी ड्रिंकबरोबर. म्हणजे पाकावर पाक. इतकं घट्ट काही आतड्यात उतरलं की ते पातळ करायला शरीर स्वतःचंच पाणी तिकडे सोडतं. त्यात धावताना रक्त पाय आणि कातडीकडे वळलेलं, पोटाच्या वाट्याला थोडंच. पुढे काय होतं ते सांगायला नको.

जूनपासून जेल बंद केली आणि दोन पावडरी आणल्या: मॉल्टोडेक्स्ट्रिन आणि फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर. अर्धा लिटर पाण्यात ४० ग्रॅम मॉल्टो, २० ग्रॅम फ्रुक्टोज, चिमूटभर मीठ, अर्धं लिंबू. दोन पावडरी का? आतड्यात ग्लुकोज एका दाराने आत जातं आणि त्या दारातून तासाला साधारण ६० ग्रॅमच्या वर फारसं शिरत नाही. फ्रुक्टोजचं दार वेगळं. दोन्ही दारं वापरली तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. मॉल्टो म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या, पण गोडी जवळपास नाही. त्यामुळे पेय सरबतासारखं लागतं, तोंडात चिकटत नाही.

आता माझी चूक. ९० हा आकडा वाचला आणि दुसऱ्याच रविवारी सिंहगड रोडच्या ३० किलोमीटरला तेवढं प्यायलो. खडकवासल्याच्या अलीकडेच पोट नगाऱ्यासारखं फुगलं, ढेकर येईनात, चालत परत आलो. दोष पावडरीचा नव्हता, माझ्या आतड्याला सवयच नव्हती. मग तासाला ३० ग्रॅमवर आलो आणि दर दोन आठवड्यांनी दहाने वाढवत गेलो. सप्टेंबरमध्ये ६० निमूट पचायला लागले. पाय तयार करायला आपण चार महिने देतो, पोटाला मात्र थेट शर्यतीच्या दिवशी कामाला लावतो.

त्याच काळात आणखी दोन गोष्टी सोडल्या, म्हणून सगळं श्रेय पावडरीला देणार नाही. लाँग रनच्या (लांब पल्ल्याच्या सरावाच्या) आदल्या रात्री उसळ बंद, साधा वरणभात. आणि गुडघ्यासाठी धावण्याआधी घ्यायचो ती वेदनाशामक गोळी बंद. या गोळ्या आतड्याच्या अस्तराला त्रास देतात, धावताना तर जास्तच.

त्रासही सांगतो. पावसाळ्यात फ्रुक्टोजचं पाकीट उघडं राहिलं तर दगड होतो, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हवाच. बाटलीत आधी पाणी, मग पावडर, नाहीतर तळाशी गोळा बसतो. बाटली रात्रभर तशीच राहिली की सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग आणि आईचं ठरलेलं वाक्य, ‘एवढ्या साखरेत दिवाळी झाली असती.’ अडीच तासांनंतर गोडाचा वीट येतो तो येतोच. तेव्हा मी मिठाची चिमूट जिभेवर ठेवतो. चिक्की करून पाहिली, पण धावता धावता शेंगदाणे चावणं माझ्याच्याने झालं नाही.

या जानेवारीत तासाला ६० ग्रॅम धरून पूर्ण ४२ किलोमीटर काढले. दोन बाटल्या पट्ट्यात, बाकी पावडर छोट्या पुड्यांत बांधून खिशात, टेबलावर फक्त साधं पाणी. चालत्या पायांनी पुडी बाटलीत ओतताना अर्धी मनगटावर सांडते, हात शेवटपर्यंत चिकट. पेडर रोडच्या परतीच्या चढावर पाय कुरकुरले, पोट नाही. शौचालयाची रांग यंदाही दिसली, मी शेजारून गेलो.

कुणी घ्यावं? तीन तासांच्या वर धावणाऱ्याने, सायकलवाल्याने. १० किलोमीटरवाल्याला काही गरज नाही, घरून केळं खाऊन निघालं तरी पुरे. फळांनीही ज्यांचं पोट फुगतं, त्यांनी फ्रुक्टोज फार जपून. मी सध्या ७० वर आहे. परवाच्या रविवारी शेवटच्या अर्ध्या तासात थोडं गुडगुडलं, म्हणून अजून दोन आठवडे इथेच थांबणार.