भाजलेल्या हातासाठी चांदीचे ड्रेसिंग: घरातील अनुभव

चकल्या तळताना कढई कलंडली आणि कडकडीत तेल आईच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सांडले. वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरून मग आम्ही तिला रुग्णालयात नेले. भाजणे दुसऱ्या श्रेणीचे असले तरी खोल नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पहिले दोन दिवस सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम लावले गेले. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी पुढे आणलेल्या या मलमाने असंख्य रुग्णांना जंतुसंसर्गापासून वाचवले आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ते रोज धुऊन काढावे लागते आणि जखमेवर त्याचा चिकट थर साचतो. तो पुसला जात असताना आई डाव्या हाताने खाटेची कड घट्ट धरून ठेवी आणि ड्रेसिंगची वेळ जवळ आली की तिचा चेहरा उतरे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नॅनोक्रिस्टलाइन चांदीचे ड्रेसिंग सुचवले. हे तंत्र १९९० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट बरेल यांनी विकसित केले. करड्या-निळसर चकाकीच्या जाळीवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात, ओल मिळताच त्यांतून चांदीचे आयन, म्हणजे जंतू मारणारे विद्युतभारित कण, सावकाश सुटत राहतात आणि म्हणून एकदा घातलेले ड्रेसिंग तीन दिवस उघडावे लागत नाही. सात दिवस चालणारा प्रकारही मिळतो. माझ्या मते याचे खरे मोल येथेच आहे. बारा दिवसांत आईला बाराऐवजी चारच वेळा ते दुखणे सोसावे लागले.

मात्र ते वापरायचे कसे, हे सांगणारे कोणी भेटले नाही, ही माझी तक्रार आहे. पहिल्याच वेळी सिस्टरांनी सवयीने सलाईनची बाटली उघडली. मिठाच्या पाण्यातील क्लोराइडशी संयोग होऊन चांदी निकामी होते, त्यामुळे जाळी निर्जंतुक पाण्यानेच भिजवावी, अशी सूचना खोक्यावर बारीक अक्षरांत होती. ती दाखवताच त्यांनी लगेच बाटली बदलली. पुढे घरी एकदा ड्रेसिंग वाळून जखमेला चिकटले, तेव्हा तेच पाणी थेंबाथेंबाने सोडून दहा मिनिटे थांबल्यावर ते सुटले.

किंमत मलमाच्या कितीतरी पट आहे आणि भोवतीच्या त्वचेवर काळपट डाग पडतात, पण ते पुढे जातात. एमआरआय करायचा असल्यास ड्रेसिंग आधी काढावे लागते. खोल भाजले असेल, तर मृत त्वचा काढून त्वचारोपण करण्याला याचा पर्याय नाही.

चौथ्या वेळी पट्टी आईने स्वतःच सोडली. खाली गुलाबी, कोवळी त्वचा आली होती. ती उन्हापासून जपावी म्हणून सध्या ती लांब बाह्यांचा सुती ब्लाऊज घालते.