युनिव्हर्सिटीचं डिसॅबिलिटी सपोर्ट ऑफिस: तीन सेमिस्टर वापरून पाचपैकी तीन स्टार

मला दिसत नाही, इकॉनॉमिक्समध्ये एमए करतेय, आणि तीन सेमिस्टर या ऑफिसचे उंबरठे झिजवून झालेत म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकावं. युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण माणसं वाईट नाहीत आणि अजून एक सेमिस्टर मला तिथंच जायचंय.

आधी परीक्षेचं सांगते, ते खरंच चांगलं आहे. ३ तासांच्या पेपरला १ तास जास्त, वेगळी खोली, रायटर हवा तर रायटर नाहीतर लॅपटॉप. पहिल्या वेळी मी रायटर घेतला. मुलगा गुणी होता पण इकॉनॉमिक्सशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी सांगितलं मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते, पुरवठ्याची वर चढते, याने दोन्ही वर चढवल्या आणि थोड्या वेळाने हळूच म्हणतो, "ताई, या एकमेकींना छेदतच नाहीयेत." जास्तीच्या तासातली वीस मिनिटं त्या आकृतीतच गेली. मग दुसऱ्या सेमिस्टरपासून लॅपटॉपच घ्यायला लागले. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, त्याची पोर्टेबल कॉपी पेनड्राईव्हवर नेता येते, त्यामुळे "आमच्या मशीनवर सॉफ्टवेअर नाही" हे कारण द्यायला जागाच राहत नाही. त्यातला ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनाचा मराठी आवाज म्हणजे कोणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतंय, पण स्पीड कितीही वाढवा, शब्द कळतात, मला तर आता तोच आवडतो.

आणि एक स्टार फक्त तिथल्या एका मॅडमसाठी. वर्गात सर "ही रेषा इथून इकडे सरकली की हा बिंदू इथे येतो" असं शिकवतात, इथे म्हणजे कुठे ते फळ्यालाच माहीत. मॅडमनी जाड कार्डशीटवर गोंदाने मागणीची सुतळी चिकटवली, पुरवठ्याचा बारीक दोरा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे शर्टाचं बटण. समतोल बिंदू हा शब्द मी अकरावीपासून पाठ म्हणतेय, बोटाला लागला तो त्या दिवशी.

आता रडगाणं. पुस्तकं. रीडिंग लिस्ट मी पहिल्याच आठवड्यात दिली होती, मुख्य पुस्तक वाचता येईल अशा स्वरूपात हातात आलं सातव्या आठवड्यात, तोवर वर्ग तिसऱ्या युनिटवर. तोपर्यंत जे मिळालं ते स्कॅन केलेले पीडीएफ, म्हणजे नुसते पानांचे फोटो, स्क्रीन रीडर सांगतो डॉक्युमेंट रिकामं आहे. ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून दिलं तर दोन कॉलम एकत्र मिसळलेले आणि तळटीप वाक्याच्या मधोमध घुसलेली. मराठी नोट्स तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, कानात नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. समीकरणं इमेज म्हणून टाकलेली, तिथे "ग्राफिक" एवढंच ऐकू येतं, तीच मॅथएमएलमध्ये, म्हणजे समीकरणं मजकूर म्हणून लिहायच्या पद्धतीत दिली तर वाचता येतात हे मी तीनदा सांगितलंय. परीक्षेत एक तास जास्त देतात आणि सेमिस्टरमधले सात आठवडे काढून घेतात, हा हिशोब त्यांच्या कुठल्याच फॉर्मवर नाही.

उशीर का, तर म्हणे कॉपीराईट, प्रकाशकाची परवानगी लागेल. अहो, २०१३ चा माराकेश करार नेमका याचसाठी झालाय, जे देश त्यात आहेत तिथे अधिकृत संस्थेला आमच्यासाठी पुस्तक रूपांतरित करायला परवानगी मागत बसावं लागत नाही. हे ऑफिसला मी सांगायचं? तसं बघितलं तर अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहेच, कलम २४ मध्ये उच्च शिक्षणात वाजवी सोयी द्या असं लिहिलंय, पण करार दाखवला की समोरचा माणूस एकदम फॉर्मल होतो आणि काम आणखी लांबतं, त्यामुळे मी तो खिशातच ठेवते.

शिवाय दर सेमिस्टरला नवीन मेडिकल सर्टिफिकेट. माझे डोळे काय सुट्टीत परत येतात का?

एका सरांनी जास्तीच्या वेळेवरून "मग बाकीच्यांवर अन्याय नाही का" असं भर वर्गात विचारलं. ऑफिसच्या पत्रात आजाराचं नाव नसतं, फक्त काय सोय द्यायची तेवढंच असतं, ते बरंच आहे, पण सरांना पत्र पाठवलं की आपलं काम संपलं असं ऑफिसला वाटतं. तिथे कोणी फोन करून बोललं असतं तर मला उभं राहून उत्तर द्यावं लागलं नसतं.

नवीन येणाऱ्यांनो, सुट्टीतच जा. लिस्ट ईमेलने द्या, तोंडी नको, तारीख राहते. आणि नुसतं "सॉफ्ट कॉपी द्या" म्हणू नका, हेडिंग लावलेली ईपब (ई-बुकची फाईल) किंवा वर्ड फाईल मागा, म्हणजे स्क्रीन रीडरमध्ये एच हे बटण दाबून धड्यावरून धड्यावर उडी मारता येते, नाहीतर चारशे पानं बाण दाबत बसा.

मी यावेळी सुट्टीतच लिस्ट दिली होती. परवा ईमेल आला, पहिलं पुस्तक तयार, सेमिस्टर सुरू व्हायला अजून दहा दिवस. उघडलं, हेडिंग लावलेली, तळटिपा वेगळ्या काढलेल्या, अगदी सुरेख. फक्त पान ४१ उलटं स्कॅन झालंय.