बालवाडीची भावनापेटी: बाहुल्या घ्या, घड्याळ सोडा

पायाभूत स्तराच्या (३ ते ८ वर्षं) २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक-भावनिक विकासाला स्वतंत्र जागा आहे, त्यामुळे सोलापुरातल्या बालवाड्याही आता मुलांना भावना ओळखायला शिकवणारे असे संच विचारतात. या पेटीत १६ भावनाकार्डं, दोन हातबाहुल्या, वाळूचं घड्याळ, भिंगरी आणि चिडलेल्या मुलाने शांत व्हायला बसायच्या ‘शांत कोपऱ्या’साठी रेक्झिनचं बसकर आहे.

पैसे वसूल होतात ते बाहुल्यांवर. ‘सॉरी म्हण’ म्हटलं की मूल सॉरी म्हणतं आणि पुन्हा ढकलतं. समोरच्याला काय वाटलं, हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. तेच भांडण दुसऱ्या दिवशी, सगळी शांत असताना, ताईंनी बाहुल्यांमध्ये लावावं. एकीने ठोकळा हिसकावला, दुसरी रडतेय, आता काय करायचं? उपाय मुलंच सुचवतात. मात्र बाहुल्यांना वर्गातल्या मुलांची नावं देऊ नका आणि पाच-सात मिनिटांत आटपा.

कार्डं चकचकीत आहेत, ट्यूबलाइटखाली चेहरे दिसत नाहीत. सोळाही एकदम मांडू नका. आनंद, राग, भीती, दुःख या चारांपासून सुरुवात करा. रुसलेल्या मुलाचं कार्डच नाही, आणि बालवाडीत रोज लागतं ते तेच! पाठमोरं बसलेलं मूल हाताने काढून घाला. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या मुलांसाठी पालकांना विचारून कार्डामागे घरचा शब्द लिहा, उदाहरणार्थ रागाला ‘कोपम’. चिडलेल्या मुलाला शाळेतली मराठी सुचत नाही.

पाळी मोजायचं वाळूचं घड्याळ पाच मिनिटांचं, म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी फारच लांब. सायकलची पाळी ‘दोन फेऱ्या झाल्या की उतरायचं’ अशी लावली तर सगळ्यांना मोजता येते.

भिंगरी स्वस्तातली, पण कामाची. ‘खोल श्वास घे’ म्हटलं की मूल गाल फुगवून श्वास कोंडतं. भिंगरीसाठी फुंकावंच लागतं आणि लांब फुंकरीने श्वास संथ होतो. टाचणी ढिली होते, रोज तपासा.

बसकर इथल्या एप्रिलमध्ये पायांना चिकटतं. त्याऐवजी सोलापुरी चादर चौपदरी घाला, धुताही येते. माहितीपत्रकातलं ‘त्रास देणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसवा’ हे वाक्य सरळ खोडा. एकदा शिक्षा म्हणून पाठवलं की मूल स्वतःहून तिथे फिरकत नाही. सुरुवातीला ताईंनीच शेजारी बसावं, फार न बोलता.

बाहुल्या आणि भिंगरी सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्या. चार चेहरे कार्डशीटवर ताईही काढू शकतात.