पास मोबाईलवर होता, पार्किंग कुठेच नव्हतं

फुटबॉल मॅचच्या पार्किंगच्या बनावट पासात किती पैसे गेले ते मुद्दाम लिहीत नाही. आकडा लहान वाटला तर लोक म्हणतात, एवढ्यासाठी कशाला रडायचं. मोठा वाटला तर म्हणतात, एवढे दिलेच कशाला. दोन्ही ऐकून झालंय. फसलो कसा, ते मात्र सगळं सांगतो, कारण मी स्वतःला या कामातला जाणकार समजत होतो.

आमच्या गावापासून स्टेडियम गाडीने साडेतीन तासांवर. मॅच बघायला जाणारे आम्ही सात जण, आणि सगळं ठरवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे. कोण कुठे उभा राहणार, वाटेत कुठे थांबायचं, परत किती वाजता निघायचं, हे सगळं माझ्या वहीत असतं. भाऊ मला चिडवायला 'वाहतूक मंत्री' म्हणतो.

शहरातल्या माणसाला हे खूळ वाटेल. पण हिशेब बघा. साधी लीगची मॅच म्हटली तरी ४५ मिनिटांचे दोन हाफ, मध्ये १५ मिनिटांची सुट्टी आणि वाढीव वेळ धरून दोन तास जातात. बाद फेरीची असेल आणि बरोबरी झाली, तर पंधरा-पंधरा मिनिटांचा एक्स्ट्रा टाइम. तरी निकाल नाही लागला तर पेनल्टी. म्हणजे आठची मॅच अकराला संपू शकते. त्यानंतर हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात. आमच्याकडे येणारी शेवटची बस तोवर मुक्कामाला पोचलेली असते. त्यात टीव्हीवाल्यांसाठी मॅचची वेळ, कधी तर दिवसच, ऐनवेळी बदलतो. म्हणून खेड्यातून जाणाऱ्याला गाडी नेण्यावाचून पर्याय नसतो. आणि गाडी नेली की ती लावायची कुठे, हा प्रश्न तिकिटाइतकाच मोठा.

या वेळी मॅच बाद फेरीची, संध्याकाळी आठची. स्टेडियमचं अधिकृत पार्किंग भरून गेलं होतं. तीन आठवडे आधी मला जुन्या-नव्या वस्तूंच्या जाहिराती येतात त्या एका संकेतस्थळावर एक जाहिरात दिसली. 'खासगी पार्किंग, स्टेडियमपासून चालत सहा मिनिटं.' सोबत फोटो. सिमेंटचं मोकळं आवार, पांढरे पट्टे मारलेले, कोपऱ्यात निळी पाण्याची टाकी. खाली अकरा जणांचे अभिप्राय, सगळे खूश.

मी मेसेज टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं. त्या माणसाने पैशांचा विषय लगेच काढलाच नाही, हे मला अजून आठवतं. त्याने विचारलं, "लांबून येताय का? मग सुटताना कुठल्या बाजूने निघणार? मागच्या गल्लीतून सोडतो, गर्दीत अडकणार नाही." मी वाचून हरखलो. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुढे म्हणाला, मॅचची तारीख बदलली तरी पास नव्या तारखेला चालेल. एक्स्ट्रा टाइम झाला तरी माणूस गेटवर थांबेल. माझ्या वहीत लिहिलेल्या काळज्या तो एकेक करून खोडत होता. असं वाटलं, आपल्यासारखाच कुणीतरी पलीकडे बसलाय. आज कळतं की लांबून मॅचला येणाऱ्या प्रत्येकाच्या काळज्या त्याच असतात. त्याला त्या पाठ होत्या, एवढंच.

मग हळूच आला मुद्द्यावर. संकेतस्थळातून पैसे भरले तर त्यांचं कमिशन जातं, थेट खात्यावर टाका, तेवढी सूट देतो. दोनच जागा उरल्यात, संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो. गाडीचा नंबर पाठवा आणि गेटवर ओळख पटवायला चालकाच्या लायसन्सचा फोटो. मी सगळं पाठवलं. लायसन्सचा फोटोसुद्धा. पैसे गेले त्याहून मला त्या फोटोचं जास्त वाईट वाटतं. पैसे एकदाच गेले, माझं नाव-पत्ता मात्र त्याच्याकडे कायमचा राहिला.

तासाभरात पास आला. झकास होता. वर मॅचचं नाव, गाडीचा नंबर, 'जागा क्रमांक १४', खाली क्यूआर कोड. मी तो गटात सगळ्यांना पाठवला आणि दोन दिवस मिरवला. शेजारचे काका म्हणाले, "एकदा फोन करून बघ रे, आवाज तरी ऐक." मी म्हणालो, "काका, हल्ली सगळं मेसेजवरच चालतं." काका गप्प बसले. ते कधीच पुन्हा सांगत नाहीत.

मॅचच्या दिवशी साडेसहाला आम्ही शहरात. ठिकाण अर्धा किलोमीटर राहिलं आणि समोर बॅरिकेड. पोलिसाने काच खाली करायला सांगितली. मी मोबाईल पुढे केला. त्याने पासकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "रहिवाशांचं स्टिकर आहे का? नाही ना? मग गाडी वळवा, दुपारपासून रस्ता बंद आहे."

इथे माझी मंत्रिपदाची लाज निघाली. मोठ्या मॅचला स्टेडियमभोवतीचे रस्ते काही तास आधी बंद करतात, हे मला माहीत होतं. लंडनच्या वेम्बलीचं उदाहरण मी स्वतः लोकांना देतो. ९० हजार प्रेक्षकांचं स्टेडियम, पण मॅचच्या दिवशी आसपासच्या गल्ल्यांमध्ये परवाना असलेल्यांनीच गाडी लावायची. तरी मी विकत घेतलेली जागा बंद रस्त्यांच्या आत पडते की बाहेर, हे नकाशावर तपासलं नाही. रस्ते बंदीची सूचना मॅचच्या आधी जाहीर झाली होती. ती उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. बंद रस्त्याच्या आतली जागा बाहेरगावच्या गाडीला कोण देणार होता?

गाडी कडेला घेऊन मी भाच्याला पुढे पाठवलं, म्हटलं आवार तरी गाठ, माणूस असेल तर त्याला घेऊन ये. पंधरा मिनिटांनी त्याचा फोन. "मामा, इथे आवारच नाहीये. बिल्डिंग आहे. वॉचमन म्हणतोय, आज तुम्ही पाचवे."

तो परत आल्यावर आम्ही गाडीतच त्या पासचा क्यूआर कोड दुसऱ्या मोबाईलने स्कॅन केला. तीन आठवड्यांत मला हे सुचलं नव्हतं. स्क्रीनवर काय उमटलं असेल? माझ्याच गाडीचा नंबर आणि पुढे इंग्रजीत 'कन्फर्म्ड'. बस्स. ना कुठली नोंद, ना लिंक. कोड म्हणजे शेवटी चौकोनात लिहिलेला मजकूर, मोफत ॲपवर मिनिटभरात कुणीही बनवतो. दारावरचं यंत्र तो मजकूर आपल्या यादीशी जुळवून बघतं. यादीच नसेल तर कोड म्हणजे नुसती नक्षी. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो बनवला तोच मुळी गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. तेव्हा त्याने माझ्या गाडीचा नंबर नीट जपला, यात त्याची काही चूक नाही.

त्या जाहिरातवाल्याच्या नंबरावर मेसेज टाकला. एकच टिक. फोन बंद.

सव्वासात वाजले होते. सातही जणांची तिकिटं खरी, आणि गाडी रस्त्यात. भाऊ काही बोलत नव्हता, तेच जास्त लागत होतं. अशा वेळी माणसाची अक्कल किती पातळ होते ते मला त्या अर्ध्या तासात कळलं. स्टेडियमपासून अडीच किलोमीटरवर एका वळणावर चमकणारं हिरवं जॅकेट घातलेला एकजण हातातल्या लाल टॉर्चने गाड्या आत घेत होता. एका बंद गोदामाचं आवार. आत आधीच वीसेक गाड्या. रोख पैसे, पावती नाही. "पावती?" मी विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मॅच बघायचीय की पावती?" मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि मी नोटा काढल्या. तेच जॅकेट कुठल्याही दुकानात मिळतं, हे मला ठाऊक होतं. पण आतल्या वीस गाड्या बघून मन म्हणालं, एवढे लोक मूर्ख थोडेच असतील. त्या वीस जणांनी आधीच्या एकोणीस गाड्या बघितल्या होत्या.

आम्ही पळत जाऊन जागेवर बसलो तेव्हा मॅच सुरू होऊन अर्धा तास झाला होता आणि एक गोल होऊन गेला होता. मॅचबद्दल मला फार आठवत नाही. एक्स्ट्रा टाइम झाला, पेनल्टी झाल्या. प्रत्येक पेनल्टीला सगळं स्टेडियम श्वास रोखून उभं, आणि मी घड्याळ बघत.

बाराच्या सुमाराला गोदामापाशी पोचलो तर फाटकाला साखळी आणि कुलूप. आतल्या सगळ्या गाड्या अडकलेल्या, बाहेर पन्नास-साठ माणसं. जॅकेटवाला नाही. फाटकावर मालकाचा नंबर रंगवलेला होता, तो रात्री एकला आला. बिचारा चांगला निघाला. रात्री फेरी मारणाऱ्या त्याच्या माणसाला आत परक्या गाड्या दिसल्या, म्हणून त्याने कुलूप घातलं होतं. म्हणाला, "मी इथे कधी पार्किंग दिलेलं नाही. जॅमर लावायला सांगणार होतो, मग लहान मुलांच्या सीट दिसल्या." कुलूप काढलं. पहाटे साडेपाचला आम्ही गावात. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "मॅच कशी झाली?" पार्किंगचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. तिथे एक फरक समजला, तो आधी समजायला हवा होता. कार्डाने पैसे भरले असते तर 'सेवा मिळालीच नाही' म्हणून त्या व्यवहारावर दावा लावता आला असता. थेट खात्यावर मी माझ्या हाताने पाठवले होते. समोरच्याने ते लगेच काढून घेतले की बँकेच्या हातात फार काही उरत नाही. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त, आणि मला तर तीन आठवडे पत्ताच नव्हता. त्याला तेच हवं असतं. विकलेली वस्तू मॅचच्या दिवसापर्यंत कुणी तपासून बघत नाही, तोवर खातं रिकामं. पोलिसांत तक्रार दिली, लायसन्सच्या फोटोचा वेगळा उल्लेख करून. तेवढं तरी कराच. उद्या त्या फोटोवर कुणी दुसऱ्याला टोपी घातली तर आपल्या हाताशी कागद असतो.

मग त्या अकरा अभिप्रायांकडे नीट बघितलं. अकराच्या अकरा एकाच आठवड्यातले. फोटो उलटा शोधून बघितला, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते इंटरनेटवर बघितलं, तर तेच आवार, तीच निळी टाकी, दुसऱ्याच शहरातल्या भाड्याच्या गोदामाच्या जाहिरातीत. दहा मिनिटांचं काम. हेच मी आधी केलं असतं, आणि काकांचं ऐकून एक फोन लावला असता, तर बहुतेक तिथेच सुटलो असतो. व्हिडिओ कॉलवर आवार दाखव म्हटलं असतं तर तो काय दाखवणार होता?

'तुमचीच चूक' हे वाक्य मात्र मी आता निमूट ऐकून घेत नाही. २८ मे २०२२ ला पॅरिसजवळ स्टाद द फ्रान्सवर चॅम्पियन्स लीगची फायनल होती, लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद. दारावर एवढी कोंडी झाली की मॅच अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाली. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी लगेच बोट दाखवलं ते बनावट तिकिटं घेऊन आलेल्या किंवा तिकिटाविनाच आलेल्या तीस-चाळीस हजार लोकांकडे. पुढे दारावर पकडल्या गेलेल्या बनावट तिकिटांचा आकडा तीन हजारांच्याही आत निघाला, आणि ही स्पर्धा भरवणाऱ्या युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, स्वतःच नेमलेल्या समितीने २०२३ मध्ये मुख्य जबाबदारी युएफावर टाकली. खरी तिकिटं हातात असलेली माणसं तोवर चोर ठरून झाली होती. आमच्या बाबतीतही पहिल्यांदा मीच मूर्ख ठरलो. वॉचमनकडे आलेल्या त्या इतर गाड्यांतल्या माणसांचीही घरी हीच गत झाली असणार.

आता आम्ही गाडी शहरात नेतच नाही. बाहेरच्या एका रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावतो आणि पुढे रेल्वेने जातो. शेवटच्या गाडीची वेळ बघून, एक्स्ट्रा टाइम झाला तर उठायचं की नाही हे घरीच ठरवतो. काकांचं मत उठायचं नाही असं आहे. त्यावर भांडण चालूच आहे.

कालच ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव बदललंय, नंबर बदललाय, या वेळी स्टेडियमपासून 'चालत चार मिनिटं'. मी ती संकेतस्थळाला कळवली, अजून काढलेली नाही. फोटो तोच आहे. कोपऱ्यात निळी टाकी.