लिब्रेऑफिसमध्ये वर्ड-एक्सेलच्या फायली : वापरून काय कळलं

सव्वा वर्ष झालं लिब्रेऑफिसवर (मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखंच, पण फुकट सॉफ्टवेअर) काम करतोय, तेही माझ्याशिवाय बाकी सगळे मायक्रोसॉफ्ट ऑफिसवाले अशा ठिकाणी. म्हणजे रोज चार-पाच डॉकएक्स, म्हणजे वर्डच्या फायली येतात, मी त्यात काहीतरी बदलतो, परत पाठवतो, आणि मधे दुसरं सॉफ्टवेअर येऊन गेलं हे समोरच्याला कळता कामा नये. माझी कसोटी एवढीच. दिसतं कसं, फीचर किती, ते राहू दे, मी फक्त फायलींचं बोलतो.

रायटर, म्हणजे लिब्रेऑफिसमधला वर्ड, आधी घेतो कारण निम्म्याहून जास्त काम तिथेच असतं. पत्रं, अर्ज, साधी टेबलं, तळटीपा, कमेंट, सगळं बिनबोभाट येतं-जातं. ट्रॅक चेंजेसची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, कोणी काय खोडलं याच्या खुणा गायब झाल्या तर पंचाईतच, पण त्यातही आजवर काही गडबड दिसली नाही.

मग बोंब कुठे होते? फॉन्टमध्ये. एकदा ४० पानी रिपोर्ट आला, माझ्याकडे उघडला तर ४३ पानं. अनुक्रमणिकेतले आकडे एकीकडे, प्रकरणं दुसरीकडे, आणि सहीची जागा बिचारी एकटीच शेवटच्या पानावर. अर्धा तास सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या आणि मग लक्ष गेलं की वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव तिरक्या अक्षरात दिसतंय. नाव तिरकं म्हणजे तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाहीये, दुसरा कुठला तरी लावून वेळ मारून नेलीये. हा होता अ‍ॅप्टॉस, नव्या ऑफिसचा डिफॉल्ट. त्याच्या आधी २००७ पासून कॅलिब्री होता, त्याला कार्लिटो नावाचा फुकट जोडीदार आहे, दोघांच्या अक्षरांची रुंदी तंतोतंत सारखी, त्यामुळे ओळ तिकडे जिथे तुटते तिथेच इकडेही तुटते. कँब्रियाला कॅलाडिया आहे, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनला लिबरेशनवाले आहेत. अ‍ॅप्टॉससाठी माझ्याकडे असलं काहीच नव्हतं, बदली आलेला फॉन्ट जरा रुंद निघाला, दर दोन-चार ओळींनी एखादा शब्द खाली ढकलला गेला, मग पानं वाढणारच की.

पण सगळं पाप फॉन्टचं नव्हतं. कंट्रोल एफ१० दाबून लपलेल्या खुणा बघितल्या तर प्रत्येक नवीन प्रकरण पुढच्या पानावर न्यायला कोणीतरी ओळीने १४-१५ एंटर मारलेले. मजकूर जरा हलला की ते एंटर पुढच्या पानावर सांडणार आणि मधे कोरं पान तयार. एक पेज ब्रेक टाकला असता तर काही झालं नसतं. आणि हा शहाणा कोण म्हणून टेम्प्लेट शोधलं तर ते ६ वर्षांपूर्वी मीच बनवून सगळ्यांना वाटलेलं!

मराठी मजकुराचं अजून एक त्रांगडं आहे जे मला फार उशिरा कळलं. डॉकएक्स असो की ओडीटी (रायटरचा स्वतःचा फॉर्मॅट), देवनागरीचा फॉन्ट आणि साइज इंग्रजीपेक्षा वेगळे साठवलेले असतात. त्यामुळे एकाच वाक्यात इंग्रजी १२ चं आणि मराठी १० चं असं होऊ शकतं आणि आपण म्हणतो फाइल बिघडली. ऑप्शन्समध्ये लँग्वेजखाली कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, म्हणजे कॅरेक्टरच्या डायलॉगमध्ये दोन्ही साइज वेगवेगळ्या दिसतील.

कॅल्क, म्हणजे लिब्रेऑफिसमधला एक्सेल, बेरीज-वजाबाकी, फिल्टर, साध्या पिव्हट टेबलला (मोठ्या यादीचा गोषवारा काढणारं टेबल) छान आहे. एक्सलुकअप, म्हणजे यादीत शोधून जोडीची माहिती आणणारं फंक्शन, बरीच वर्षं नव्हतं, ते २०२४ च्या २४.८ व्हर्जनमध्ये आलं, जुनं व्हर्जन असेल तर आधी अपडेट करा. यात एक चकवा आहे. डिफॉल्टला कॅल्क एक्सेलची फाइल उघडताना सगळी गणितं नव्याने करत नाही, फाइलमध्ये साठवलेलं जुनं उत्तर दाखवतं. म्हणजे जे फंक्शन त्याला येतच नाही त्याचंही उत्तर झकास दिसतं, आणि तुम्ही खूश. मग कंट्रोल शिफ्ट एफ९ दाबलं की त्या जागी हॅश नेमची एरर, म्हणजे हे फंक्शन ओळखीचं नाही. मी आता नवीन शीट आली की आधी तेच दाबतो, काय फुटायचं ते माझ्यासमोर फुटू दे, साहेबांसमोर नको.

मॅक्रोवाल्या शीट असतील, म्हणजे आत छोटे प्रोग्रॅम लिहिलेल्या, तर सरळ नाही म्हणतो. व्हीबीए (मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रोची भाषा) थोडंफार चालतं, पण थोडंफार चालणारा मॅक्रो न चालणाऱ्यापेक्षा वाईट.

इम्प्रेस, म्हणजे इथला पॉवरपॉइंट, ठीकठाक. स्मार्टआर्ट (पॉवरपॉइंटमधल्या तयार आकृत्या) दिसतं पण बदलायला गेलं की चित्रांचे सुटे तुकडे हातात येतात. स्लाइडसाठी मी ओन्लीऑफिस हे दुसरं सॉफ्टवेअर वेगळं ठेवलंय, तेही फुकट मिळतं, त्याचा आतला फॉर्मॅटच मायक्रोसॉफ्टवाला असल्यामुळे पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची फाइल, कमी हलते असा माझा अनुभव. पण ओडीटीला ते मला तितकंसं झेपत नाही वाटलं.

कोणी विचारतं की दोन्ही फॉर्मॅट आयएसओ मानक आहेत ना, ओडीएफ (ओडीटी ज्यातला एक) २००६ चं आणि ओओएक्सएमएल (डॉकएक्स, पीपीटीएक्स ज्यातले) २००८ चं, मग भांडण कशाचं. तर ओओएक्सएमएलचे दोन अवतार आहेत, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल, आणि ऑफिस आपणहून सेव्ह करतं ते ट्रान्झिशनल, ज्यात जुन्या व्हर्जनच्या खोडी सांभाळून ठेवल्यात. एक्सेल अजूनही १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट सॉफ्टवेअरशी जुळावं म्हणून केलेली ती गोष्ट. नकल करणाऱ्याला असल्या चुकांचीही नकल करावी लागते, आणि कॅल्क ही चूक करत नाही म्हणून १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखा दोन्हीकडे एका दिवसाने वेगळ्या येतात. जुन्या दप्तरांच्या याद्या करणाऱ्यांनी तेवढं बघून घ्या.

माझी पद्धत आता अशी आहे, स्वतःचं काम ओडीटीत, पाठवताना एकदाच डॉकएक्स, आणि नुसतं वाचायचं असेल त्याला पीडीएफ. तीच फाइल दहा वेळा इकडून तिकडे नाचवली की स्टाइलचा पार कचरा होतो.

आणि हो, ते टेम्प्लेट दुरुस्त केलं, एंटर काढून पेज ब्रेक टाकले, फॉन्ट कॅलिब्री केला. गेल्या आठवड्यात नवीन रिपोर्ट त्यातच आला, तिकडेही ४१ पानं आणि माझ्याकडेही ४१. सहीची जागा अजून एकटीच शेवटच्या पानावर आहे, पण यावेळी तिकडेही तशीच आहे म्हणे.