ठाण्यातल्या लॅबची घरपोच सेवा : कॅन लहान, पोरगा गुणी

पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला कॅनचा आणि एक न आलेल्या फोनचा. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण सॅम्पल घ्यायला येणारा पोरगा गुणी आहे, त्याच्या नोकरीवर बालंट नको.

आम्ही पाचपाखाडीत राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या. दोनेक महिने रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठत होत्या. उशाशी तांब्या, तोही पहाटेपर्यंत रिकामा. संध्याकाळची तलावपाळीची फेरी बंद झाली, कारण कोपिनेश्वराचं दर्शन होईपर्यंत धीर निघत नसे. शेजारच्या काकूंनी डायबेटीस ठरवूनच टाकला, पण उपाशीपोटी साखर ९८. मग मी शहाणपणा केला : सातनंतर त्यांचं पाणी तोडलं.

डॉक्टरांनी २४ तासांची लघवी मोजायला आणि रक्त तपासायला सांगितलं. पोराने सासूबाईंना दोनदा समजावलं, "आजी, आज सकाळची पहिली टाकून द्यायची, नंतरची सगळी ह्यात, उद्या सकाळची पहिलीसुद्धा." कॅन दोन लिटरचा. दुपारी दोनला काठोकाठ! लॅबला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, "मॅडम, एवढी होत नाही." होते. जवळजवळ चार लिटर झाली, आणि ती पोराने स्वतःहून आणून दिलेल्या आणखी दोन कॅनमुळे मोजता आली.

रक्त घेताना दंडाचा पट्टा त्याने लगेच सोडला आणि मूठ उघड-मीट करू दिली नाही. पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम उगाच जास्त दिसतं म्हणे. हे त्याने न विचारता सांगितलं, त्याचे पूर्ण गुण.

रिपोर्ट रात्री ११:४० ला व्हॉट्सॲपवर आला. कॅल्शियम १३.१, शेजारी नुसता ठळक अक्षरात 'हाय'. साधारण साडेदहापर्यंत ठीक असतं. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं. असा आकडा आला की लॅबने फोन करायचा असतो. आम्ही झोपलो होतो; सकाळी चहा टाकताना पाहिला.

किडनीच्या डॉक्टरांनी कागदावर किडनीची नळी काढून दाखवली. किडनी आपल्या आतल्या भागात मीठ साठवते आणि त्या मिठाच्या ओढीवर लघवीतलं पाणी परत खेचते. रक्तात कॅल्शियम वाढलं की मीठ उपसणारा पंप मंदावतो. शिवाय मेंदूकडून 'पाणी राखा' हा हार्मोनचा निरोप येतो, पण नळीतल्या पाण्याच्या खिडक्या नीट उघडत नाहीत. म्हणून लघवी पाण्यासारखी फिकट, आणि तहान त्यामागून येते. वरून पाणी तोडलं तर शरीर सुकतं, आणि सुकलेली किडनी कॅल्शियम आणखीच धरून ठेवते. मी कागदाकडेच बघत राहिले.

कारण मिळालं फ्रिजवरच्या डब्यात. गुडघ्यांसाठी दिलेली ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची, ती सासूबाई रोज दुधातून घेत होत्या. "औषध रोजच घेतात ना गं," इति त्या. सोबत कॅल्शियमची गोळीही. व्हिटॅमिन डी १५० च्या वर, मशीनने पुढे मोजलंच नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइड हार्मोन पार दबलेलं. त्याचं सॅम्पल पोराने बर्फाच्या डब्यातून नेलं.

पुड्या बंद, गोळी बंद, हॉस्पिटलात तीन दिवस सलाईन. व्हिटॅमिन डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे कॅल्शियमचा आकडा सावकाश उतरला, काल १०.४ आला. रात्री आता एकदाच उठतात.

तुम्हाला २४ तासांची तपासणी सांगितली, तर कॅन मोठा मागा किंवा आधीच दोन घ्या. आमचा तिसरा कॅन वापरावाच लागला नाही. तो परत न्यायला कोणी आलं नाही. सासूबाईंनी त्यात तुळशीला घालायचं पाणी भरून ठेवलंय.