शाळेच्या ऑफिसातला चार कॅमेऱ्यांचा सेट: दीड वर्ष वापरल्यावर

ऐरोलीतल्या एका खाजगी विनाअनुदानित शाळेत मी हेडक्लार्क आहे. कॅमेरे बसवायचं ठरलं तेव्हा ट्रस्टींना काळजी होती ती संगणक चोरीला जाण्याची. कोणी पालक ऑफिसात शिरून शिपायाच्या कानाखाली वाजवेल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

सेट असा: २ मेगापिक्सेलचे ४ कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि १ टीबीची हार्डडिस्क. कोपरखैरण्याच्या एका दुकानातून घेतला, फिटिंगसकट १८,५०० रुपये. दिवसा चित्र स्वच्छ, काउंटरवरच्या पावतीचा रंगसुद्धा कळतो. रात्री गेटवरच्या कॅमेऱ्याला पिंपळाची पानंही चोर वाटतात. आवाज येत नाही, कारण माइकवाला कॅमेरा महाग म्हणून आम्हीच नको म्हटलं होतं.

गेल्या जूनमध्ये एका पालकाला मुलाच्या आडनावातली चूक जनरल रजिस्टरमध्ये (प्रवेश घेतलेल्या मुलांची शाळेतली मूळ नोंदवही) उभ्या उभ्या दुरुस्त करून हवी होती. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय त्या रजिस्टरला पेन लावता येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या आत गृहस्थ काउंटरच्या आत. शिपाई काका आडवे आले, त्यांना थप्पड बसली, चष्मा कपाटाखाली गेला. मी मुख्याध्यापिकांना बोलवायला निघाले तर हा माणूस दाराच्या चौकटीला हात लावून उभा. जाऊ देईना.

पोलीस ठाण्यात एनसी झाली, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मी चिडले. ड्युटीवरच्या साहेबांनी समजावलं: साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२). १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण गुन्हा अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही.

"अहो, पण काका ड्युटीवर होते."

"ताई, शाळा खाजगी आहे ना तुमची?"

शाळा खाजगी असल्याने इथे फरक पडतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझी वहिनी महापालिकेच्या शाळेत शिकवते. महापालिकेचा पगार घेणारी, म्हणून ती लोकसेवक. तिला काम करू न देण्यासाठी कुणी हात उचलला तर कलम १३२, २ वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यात दुखापत झाली तर कलम १२१(१), ५ वर्षांपर्यंत. तीच थप्पड, तोच गाल, फक्त पगाराच्या स्लिपवरचं नाव वेगळं. डॉक्टरांसाठी राज्याचा २०१० पासून वेगळा कायदा आहे, तो खाजगी दवाखान्यालाही लागू होतो. शाळेच्या शिपायाचा विचार करायला कुणाला सवड झालेली दिसत नाही.

आता कॅमेऱ्याकडे येते. तीन नंबरचा कॅमेरा काउंटरवर रोखायचा होता. फिटिंगच्या मुलाने तो दाराकडे तोंड करून बसवला, "उद्या येऊन फिरवतो" म्हणाला, आणि तो उद्या आजतागायत उगवलेला नाही. यावरून मी दुकानदाराशी दोनदा भांडले होते. पण त्याच चुकीमुळे दारातला आडवा हात स्पष्ट दिसला: मी डावीकडून जाऊ पाहतेय, हात डावीकडे, उजवीकडून, तर हात उजवीकडे. थप्पड मात्र अर्धीच दिसते, काकांची मान आणि उडालेला चष्मा.

आमच्या एका माजी पालक वकीलबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, हा तर गैर अटकाव, कलम १२६(२). शिक्षा किरकोळ, १ महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा दखलपात्र आहे. अनेक गुन्ह्यांत एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरणच दखलपात्र धरलं जातं, तसं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) कलम १७४ मध्ये आहे. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि एफआयआर झाला. जे काम थप्पडीने झालं नाही ते चौकटीवरच्या हाताने केलं.

आता तक्रारी. एक, हार्डडिस्कमध्ये आमचं साधारण १६ दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, मग नवीन जुन्यावर चढतं. ट्रस्टींची मीटिंग होऊन "तक्रार पुढे न्यायची" ठरेपर्यंत १३ दिवस गेले होते. दुकानदाराने हे विकताना सांगितलं नव्हतं. दोन, डीव्हीआरचं घड्याळ १७ मिनिटं मागे. तक्रारीत ११:४०, स्क्रीनवर ११:२३. हवालदारांनी डीव्हीआरशेजारी मोबाइल धरून दोन्ही वेळा पंचनाम्यात लिहून घेतल्या म्हणून निभावलं. तीन, शिव्या. अपमानाचं कलम ३५२ आहे, २ वर्षांपर्यंत, पण चित्रात नुसते ओठ हलतात. मी आणि ज्युनियर क्लार्क, दोघींच्या जबाबावरच ते उभं आहे.

शिवाय फुटेजबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. एक फ्रेम बदलली तरी तो ठसा बदलतो. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, म्हणजे मी. दुसरा तज्ज्ञाने. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हॅश म्हणजे कीबोर्डवरचं चिन्ह ना?"

पाचपैकी साडेतीन तारे. चित्रासाठी चार दिले असते, अर्धा तारा घड्याळाने खाल्ला.

केस बेलापूरच्या कोर्टात आहे, तारखा पडताहेत. आम्ही २ टीबीची डिस्क टाकली, पासवर्ड बदलला (तोवर आमचं ऑफिस फिटिंगवाल्याच्या मोबाइलवरही दिसत होतं!) आणि माइकवाला एक कॅमेरा घेतला. दर सोमवारी घड्याळ जुळवायचं काम शिपाई काकांनी स्वतःहून घेतलंय. चहा मात्र ते आता जिन्याखाली जाऊन पितात. तिथे कॅमेरा नाही.